नर्सरीच्या अर्जावरील विडाल

टायफॉइडमधून उठलेल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला नर्सरीत परत पाठवण्यापूर्वी त्याचे रक्त पुन्हा तपासावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात प्रत्येकाजवळ तयार होते, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी जुळत नव्हते. शाळेने तर आपले उत्तर छापूनच ठेवले होते. आजारपणानंतर परत येणाऱ्या मुलांसाठी त्यांचा एक अर्ज आहे. त्यात आजाराचे नाव, रजेचा काळ आणि डॉक्टरांची सही यांच्या खाली, टायफॉइड झाला असल्यास विडाल, म्हणजे टायफॉइडसाठी करतात ती रक्ततपासणी, निगेटिव्ह असल्याचा अहवाल जोडावा, अशा अर्थाची एक ओळ आहे. आमच्या चिरंजीवांनी फोन करून विचारले, तेव्हा कार्यालयातील बाईंनी ‘भैया, रिपोर्ट तो लगेगी’ एवढ्यावर विषय संपवला.

चिरंजीवांचे म्हणणे असे की एक सुई टोचायची, कागद जोडायचा आणि मोकळे व्हायचे. सूनबाईंची रजा संपत आली होती, त्यामुळे मुलाने लवकर शाळेत जावे असे तिलाही वाटत होते, पण सलाइनच्या सुईने काळ्यानिळ्या झालेल्या त्या चिमुकल्या हाताला पुन्हा कोणी हात लावू नये, असेही तिला तितक्याच तीव्रतेने वाटत होते. आमच्या ह्यांचा सल्ला सर्वांत सोपा होता: नर्सरीत जाऊन पोराला काय कलेक्टर व्हायचे आहे, आणखी दोन महिने घरीच राहू द्या. माझे मत विचारायला सगळे शेवटी आले, आणि तेही थोडे बिचकतच आले, कारण निवृत्त होईपर्यंत माझी नोकरी इंदुरातील पॅथॉलॉजी लॅबमध्ये झालेली आहे, विडाल हे माझ्या हातचे काम होते, आणि तिच्याविषयी मी बोलू लागले की लवकर थांबत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

आजाराची हकिकत थोडक्यात सांगते. पावसाळ्याचे दिवस होते. ताप रोज संध्याकाळी थोडा अधिक चढत होता, जिभेवर पांढरा थर जमला होता आणि एरवी घरभर हुंदडणारा मुलगा एका कुशीवर पडून राहत होता. बालरोगतज्ज्ञांनी अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी रक्ताच्या कल्चरची, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहण्याची, बाटली भरून घेतली, याबद्दल मी त्यांचे मनोमन आभार मानले. टायफॉइडच्या जंतूला पकडण्याचा तो सरळ मार्ग आहे. मात्र तोसुद्धा दर दहा रुग्णांपैकी सुमारे सहांमध्येच हाती लागतो, आणि औषध आधी सुरू झाले असेल तर त्याहूनही कमी. आमच्या बाटलीत जंतू वाढला, कोणते औषध लागू पडेल तेही कळले, आणि उपचाराला दिशा मिळाली. योग्य औषध चालू असूनही ताप लगेच उतरत नाही. त्याला चार ते सात दिवस लागतात, आणि ते दिवस घरातल्यांची परीक्षा पाहतात. आमच्याकडेही पाहिली. नंतर ताप गेला, भूक आली, वरणभातावरचे तूप कमी पडू लागले आणि औषधाचा चौदा दिवसांचा क्रम पूर्ण झाला.

कशामुळे झाला, याचा खल व्हायचा तसा झाला. आमचे हे पाणीपताशांच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीला दोष देत होते, कारण आदल्या रविवारी नातवाने आजोबांच्या हातचा एक कोरडा पताशा खाल्ला होता. जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे जातात, कधी त्याहूनही अधिक, त्यामुळे कालपरवा खाल्लेल्या पदार्थाला पकडून काही उपयोग नसतो. आपले शहर स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून सलग सात वर्षे पहिले आले, याचा मलाही अभिमान आहे; पण टायफॉइड रस्त्यावरच्या कचऱ्याने होत नाही, तो माणसाची विष्ठा मिसळलेल्या पाण्याने आणि अन्नाने होतो. नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून इतक्या दूर आणून, शुद्ध करून टाकीत सोडले, तरी टाकीपासून आपल्या नळापर्यंतची वाहिनी ड्रेनेजच्या वाहिनीशेजारून जात असेल आणि दोहोंना कोठे चीर गेली असेल, तर झाडून लख्ख केलेल्या रस्त्याखाली काय चालले आहे ते वरून दिसत नाही.

आता विडालविषयी. फ्रान्समधील जॉर्ज फर्नांड विडाल या वैद्यांनी ही तपासणी 1896 मध्ये प्रसिद्ध केली, आणि कल्चरची सोय नसलेल्या ठिकाणी तिने पुढे अनेक दशके मोठे काम केले, म्हणून मी तिची हेटाळणी करणार नाही. पण ती काय मोजते, हे तिचा अहवाल मागणाऱ्याने समजून घेतले पाहिजे. ती जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात आहेत काय आणि किती आहेत, एवढेच ती पाहते.

काचेच्या पट्टीवरची विडाल ज्यांनी कधी पाहिली नसेल, त्यांच्यासाठी लिहिते. रक्त गोठल्यावर वर सुटणारे पिवळसर सीरम घ्यायचे आणि पट्टीवरच्या गोलांमध्ये त्याचे उतरते थेंब टाकायचे: 80 मायक्रोलीटर, मग 40, 20, 10 आणि शेवटी 5. प्रत्येक थेंबात अँटिजेनचा, म्हणजे मारलेल्या टायफॉइड जंतूंच्या रंगीत द्रवाचा, एकेक थेंब सोडायचा. ‘ओ’चे, म्हणजे जंतूच्या अंगाचे, अँटिजेन निळे असते, ‘एच’चे, म्हणजे त्याच्या शेपट्यांचे, लाल. काडीने गोलभर पसरायचे आणि पट्टी हातात धरून मिनिटभर हलकेच डोलवायची. प्रतिपिंडे असतील तर गुळगुळीत रंगात बारीक रवा दिसू लागतो, दूध नासताना दिसतो तसा. कोणत्या गोलापर्यंत रवा दिसला त्यावरून टायटर, म्हणजे प्रतिपिंडांचे प्रमाण, ठरते: पहिला गोल म्हणजे 1:20, मग 1:40, 1:80, 1:160 आणि शेवटचा 1:320. मिनिटाऐवजी दोन मिनिटे गेली आणि थेंब कडेने वाळू लागला, तर नसलेला रवाही दिसतो. त्यातून काठावरच्या गोलात रवा आहे की नाही, हे ट्यूबलाइटखाली पट्टी तिरपी धरून डोळ्यांनी ठरवायचे असते, आणि शेजारीशेजारी बसलेल्या दोन टेक्निशियनांचे त्यावर एकमत होईलच असे नाही. एकीने 1:80 लिहिले आणि दुसरीने 1:160 लिहिले, तरी दोघींनी आपापले काम प्रामाणिकपणे केलेले असू शकते. परीक्षानळीत रात्रभर ठेवून केलेली विडाल अधिक भरवशाची असते, पण ती आता फार थोड्या ठिकाणी होते.

ही प्रतिपिंडे आजार बरा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी रक्तातून निघून जात नाहीत. ती कित्येक महिने राहतात; त्यांतही ‘एच’ची ‘ओ’पेक्षा अधिक काळ टिकतात. म्हणजे औषध संपल्यावर लगेच केलेली विडाल आमच्या नातवाच्या बाबतीत बहुधा पॉझिटिव्हच आली असती, आणि तिचा अर्थ एवढाच निघाला असता की या मुलाला नुकताच टायफॉइड होऊन गेला आहे, जे आम्हाला आणि शाळेला आधीच माहीत होते. उलट ती निगेटिव्ह आली असती, तरी त्याच्या आतड्यात जंतू उरलेला नाही, असे तिच्यावरून म्हणता आले नसते. शिवाय जिथे टायफॉइड वर्षानुवर्षे घर करून आहे, अशा आपल्यासारख्या भागात धडधाकट माणसाच्या रक्तातही 1:80 पर्यंतचे टायटर सहज सापडते. उद्या शाळेने सगळ्या शिक्षिकांची आणि कार्यालयातील त्या बाईंचीही विडाल केली, तर काही जणींना घरी बसावे लागेल. एकट्या विडालवरून निदान करायचे असेल, तर आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन टायटर चौपट चढले आहे काय, ते पाहायचे असते. तिचा तो उपयोग आहे. बरे झाल्याचा दाखला देणे हे तिचे काम कधीच नव्हते.

मला विडालची भीती वाटते ती तिच्या अहवालानंतर जे घडते त्यामुळे. खिडकीशी उभे राहून ‘ताई, अजून 160च आहे का’ असे काळजीने विचारणारे आईबाप मी नोकरीत वर्षानुवर्षे पाहिले. मूल समोर बाकावर चढून उड्या मारत असे, ताप जाऊन महिना लोटलेला असे, पण कागदावर आकडा उतरलेला नाही म्हणून कोणीतरी अँटिबायोटिकचा आणखी एक क्रम लिहून दिलेला असे, आणि तो संपला की पुन्हा रक्त. तो आकडा औषधाने उतरत नाही, तो त्याच्या सवडीने उतरतो. ही गोष्ट त्या खिडकीतून सांगण्याचा अधिकार मला नव्हता. तरी संधी मिळाली की मी हळूच सांगत असे.

एवढे ऐकून चिरंजीव म्हणाले, “म्हणजे काहीच तपासायचे नाही तर.” तसे नाही, आणि इथेच माझे आणि डॉक्टरांचेही थोडे बोलणे झाले. शाळेने मागितलेला कागद चुकीचा असला, तरी तिची काळजी खोटी नाही. टायफॉइडच्या रुग्णांपैकी काहींच्या शौचातून ताप गेल्यानंतरही काही आठवडे जंतू बाहेर पडत राहतात, आणि शंभरात एक ते चार-पाच जणांच्या बाबतीत ते वर्षाहून अधिक काळ चालू राहते. अशा माणसाला स्वतःला काहीही होत नाही. न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन या स्वयंपाकीणबाईंची गोष्ट वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे: त्या ज्या घरी रांधत तिथे टायफॉइड निघे, त्या मात्र ठणठणीत. 1907 मध्ये त्यांना पहिल्यांदा वेगळे ठेवण्यात आले, मध्यंतरी सुटल्यावर त्या पुन्हा स्वयंपाकाच्या कामाला लागल्या, आणि अखेरची 20हून अधिक वर्षे त्यांनी एका बेटावर काढली. जंतू त्यांच्या रक्तात नव्हता, शौचात होता. शोधायचा तर तिथेच शोधायला हवा.

ब्रिटन आणि अमेरिका या देशांत पाच वर्षांखालील मुलाला टायफॉइड झाला, तर औषध संपल्यानंतर काही अंतराने घेतलेले शौचाचे ओळीने तीन नमुने कल्चरमध्ये निर्दोष ठरेपर्यंत त्याला पाळणाघरात किंवा नर्सरीत घेत नाहीत. मोठ्या मुलांना ही अट नाही, ती बरी वाटली की जातात. लहानांना आहे, कारण ती स्वतःचे स्वतः धुऊ शकत नाहीत आणि धुतले तरी नीट धूत नाहीत. तीन नमुने अशासाठी की जंतू रोज बाहेर पडतोच असे नाही, एखाद्या दिवशी पडतो, एखाद्या दिवशी नाही. आपल्याकडे हा रिवाज नाही. आमच्या डॉक्टरांनी अगदी सरळ सांगितले की मूल खाते-पिते आहे, ताप नाही, पूर्ण क्रम झाला आहे, त्यामुळे ते स्वतःहून कोणतीही तपासणी लिहिणार नाहीत. पण मनाच्या समाधानासाठी करायचीच असेल तर विडाल नको, स्टूल कल्चर करा. जिथे मुलाला उद्याच्या पेलाभर पाण्यातून पुन्हा टायफॉइड होण्याचा संभव आहे, तिथे बऱ्या झालेल्या एका मुलाच्या मागे तीन-तीन कल्चर लावण्यात काय हशील, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो मला खोडून काढता येत नाही.

तरीही मी कल्चरच्या बाजूने उभी राहिले. तपासणीचे उत्तर काहीही आले तरी आपण उद्या तेच करणार असू, तर ती करण्यात अर्थ नाही, ही माझी कसोटी आहे. विडाल पॉझिटिव्ह आली असती तरी आम्ही औषध वाढवणार नव्हतो, निगेटिव्ह आली असती तरी हात धुणे सैल करणार नव्हतो. म्हणून ती बाद. कल्चरमध्ये जंतू निघाला असता, तर मात्र आम्ही मुलाला खरोखर घरी ठेवले असते आणि डॉक्टरांनी औषधाचा पुन्हा विचार केला असता. त्यातून आमचा नातू डायपरमधून नुकताच सुटलेला, त्याच्या वर्गात त्याच वयाची वीस-बावीस मुले, एकाच्या डब्यातला पराठा दुसऱ्याच्या तोंडात, आणि सगळ्यांच्या बाथरूमला एकच दीदी. माझा नातू घरात एकटाच मूल असता किंवा सहावीत असता, तर मी डॉक्टरांचेच ऐकले असते. सूनबाईंनी विचारले, “आई, पण टोचायचं नाही ना?” नाही, यात सुई नाही, आणि माझ्या मते घरातला वाद या एका वाक्याने मिटला.

औषध संपल्यावर आम्ही आधी आठवडाभर थांबलो, कारण अँटिबायोटिक अंगात असताना घेतलेला नमुना निर्दोष आला तरी त्याला किंमत नसते. जंतू मेलेला आहे की नुसता दबलेला, ते कळत नाही. नमुना घेण्याचीही रीत असते आणि ती लॅबमधून फारशी कोणी सांगत नाही. फिनाइलने धुतलेल्या भांड्यातला नमुना चालत नाही, त्यात लघवी मिसळलेली चालत नाही, आणि सकाळचा नमुना संध्याकाळी नेऊन दिला तर टायफॉइडचा जंतू मरून जातो नि बाकीचेच माजतात. आम्ही मुलाच्या पॉटमध्ये स्वच्छ प्लॅस्टिक पसरले, लॅबने दिलेल्या डबीच्या चमच्याने नमुना घेतला आणि चिरंजीव तो तासाभरात स्कूटरवरून पोहोचवून आले. पुढे काय होते ते मला आजही डोळे मिटून दिसते: जंतू थोडे असले तरी वाढावेत म्हणून नमुना आधी सेलेनाइटच्या रसात ठेवतात, मग प्लेटवर ओढतात. मॅकॉन्कीच्या प्लेटवर आतड्यातले नेहमीचे ई-कोलाय गुलाबी ठिपके होऊन उगवतात, आणि त्या गुलाबी गर्दीत एखादा फिकट, बिनरंगी ठिपका दिसला की टेक्निशियनचा हात थांबतो. प्रत्येक फिकट ठिपका टायफॉइडचाच असतो असे नाही, पण तो पुढे तपासल्याशिवाय सोडता येत नाही, म्हणून या अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. लोक त्याला उशीर म्हणतात.

अहवाल येईपर्यंत नातवाला स्वयंपाकघरात एक गोष्ट बंद होती. पोळ्या चालू असताना कणकेचा छोटा गोळा घेऊन त्याची चिमणी करायची आणि ती आपल्याच हाताने पुन्हा परातीत टाकायची, हा त्याचा नेम. त्याला वेगळी वाटी आणि वेगळा गोळा दिला, आणि चिमणी परातीत जाणार नाही असे बजावले. तो रुसला. त्याचा टॉवेल वेगळा केला, शौचानंतर धुणाऱ्या माणसाने स्वतःचे हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे ठरवले, आणि आजोबांनाही त्यातून सूट दिली नाही.

मधल्या काळात मी शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापिका समजूतदार निघाल्या. विडालची अट पूर्वी एका पालकाच्या तक्रारीनंतर घातली गेली होती आणि तिच्या उपयोगाचा विचार कोणी केला नव्हता, असे त्यांनीच सांगितले. मी त्यांना डॉक्टरांचे पत्र दिले आणि कल्चरचे अहवाल आले की देते म्हणाले. पण परत निघताना मुलांच्या हात धुण्याच्या जागेपाशी थांबले, तर साडेतीन वर्षांच्या मुलाच्या कपाळाच्या उंचीवर नळ होते, आणि साबणाच्या पंपात इतके पाणी घातलेले होते की दाबल्यावर फेसही येईना. मुलांना बाथरूमला नेणारी दीदीच मधल्या सुट्टीत खाऊच्या ताटल्या वाढते, हेही तिथेच कळले. मी हे मुख्याध्यापिकाबाईंना परत आत जाऊन सांगितले. एका पायरीचा ओटा, दाट साबण, आणि खाऊ वाढायला दुसरी बाई: बऱ्या झालेल्या मुलांच्या रक्तावर पालक जो पैसा घालतात, त्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. साबण बदलला आहे. ओट्याचे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत होईल म्हणतात.

हे प्रकरण कॉलनीत पसरल्यापासून मला दुसऱ्या आजारांबद्दलही विचारणा होते, आणि लक्षात येते की ‘पुन्हा तपासून घ्या’ हे आपल्याकडे सगळ्याच दुखण्यांवरचे उत्तर होऊन बसले आहे. डेंग्यूची आयजीएम ही प्रतिपिंडांचीच तपासणी बरे झाल्यावरही दोन-तीन महिने पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि डेंग्यू एका मुलाकडून दुसऱ्याला शिवून होत नाही. त्यामुळे शाळेसाठी ती पुन्हा करण्याचे काहीच कारण नाही. कोविडच्या काळात आरटीपीसीआर बरे झाल्यानंतरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत असे, कारण ती विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते. कांजिण्यांना रक्त लागत नाही, सगळ्या फोडांवर खपली धरली की मूल जाऊ शकते. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, आणि दूषित पाण्याच्या काविळीत डोळे पिवळे झाल्यापासून निदान एक आठवडा घरी ठेवायचे. आजार कोणता, तो कोणत्या वाटेने पसरतो आणि किती दिवस पसरतो, हे डॉक्टरांना विचारले की बहुतेक वेळा सुईपर्यंत जावेच लागत नाही.

आमच्या नातवाचे तिन्ही नमुने निर्दोष आले. पण लॅबमध्ये तिसऱ्या डबीबरोबर आणखी एक डबी गेली होती, ती माझी. वर्षानुवर्षे जंतू बाळगणाऱ्यांमध्ये पुरुषांपेक्षा बायका अधिक, त्यांतही उतारवयाकडे झुकलेल्या आणि पित्ताशयात खडे असलेल्या अधिक, कारण जंतू त्या खड्यांच्या आश्रयाने राहतो. माझ्या पित्ताशयात खडे आहेत, सोनोग्राफीत दिसले तेव्हापासून मी त्यांना सांभाळून आहे, ऐन उमेदीत माझे हात रोज नमुन्यांत होते, आणि घरातला सकाळचा स्वयंपाक आजही माझ्याकडे आहे. पोराला कोठून झाला याचा शोध पताशाच्या गाडीपर्यंत नेणाऱ्या आमच्या ह्यांना हे सुचले नव्हते, आणि सूनबाईंना सुचले असेल तरी ती सासूला कशी म्हणणार. म्हणून मीच म्हटले. माझाही अहवाल निर्दोष आला. एका नमुन्यावर मी समाधान मानणार नाही, आणखी दोन द्यायचे आहेत.

नातू नर्सरीत जाऊ लागला आहे. त्याचे रक्त पुन्हा तपासण्याची वेळ एकाच परिस्थितीत येईल, आणि ती डॉक्टरांनी सूनबाईंना लिहून दिली आहे: टायफॉइड बरा झाल्यानंतर दर शंभरांत पाच-दहा जणांना तो दोन-तीन आठवड्यांनी उलटतो, तेव्हा तसा ताप आला तर घरात उरलेली गोळी द्यायची नाही, अँटिबायोटिकचा पहिला थेंब पोटात जाण्यापूर्वी कल्चरची बाटली भरायची. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही, असे टायफॉइडचे नाही, त्यामुळे तोवर सगळे ठीक राहिले तर पुढच्या महिन्यात त्याला टायफॉइडची कॉन्जुगेट लस द्यायची आहे. ती सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते, आणि धाकट्या जावेच्या नातीलाही त्याच दिवशी घेऊन ये, असे मी तिला सांगून ठेवले आहे.